एक पराभव, 77 गुण आणि दुसरा क्रमांक : पोर्तुगालच्या 2012-13 हंगामाचा हिशेब

मडगावच्या एका तरुण प्रशिक्षकाने विचारलेला प्रश्न असा आहे : पोर्तुगालच्या अव्वल साखळीच्या 2012-13 हंगामात बेन्फिकाने 30 सामन्यांपैकी फक्त एक गमावला, विजेत्या पोर्तोपेक्षा सात गोल जास्त केले, तीन सामने शिल्लक असताना हा संघ चार गुणांनी पुढे होता, आणि तरीही विजेतेपद एका गुणाने पोर्तोकडे गेले, मग हे सगळे बेन्फिकाविरुद्ध 92व्या मिनिटाला पोर्तोच्या केल्विनने केलेल्या एका गोलामुळे, म्हणजे निव्वळ नशिबाने घडले, असे समजायचे का?

मी अनेक वर्षे तरुण खेळाडूंना शिकवतो आणि नव्या प्रशिक्षकांबरोबर बसून जुन्या सामन्यांची चिरफाड करतो. त्या बैठकांमध्ये हा हंगाम मी पुन्हा पुन्हा काढतो, कारण अंतिम गुणतक्ता कसा वाचावा हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. माझे उत्तर असे की तो गोल नशिबाचा मुळीच नव्हता, पण विजेतेपद त्या गोलाने ठरले असे म्हणणेही अपुरे आहे. ते पाच दिवस आधी, सोमवारी 6 मे रोजी, बेन्फिकाच्या स्वतःच्या मैदानावर निसटले होते.

आधी अंतिम आकडे समोर ठेवू. पोर्तोने 24 सामने जिंकले, सहा बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. त्यांचे 78 गुण झाले, 70 गोल केले आणि फक्त 14 स्वीकारले. बेन्फिकानेही 24 सामने जिंकले, पाच बरोबरीत सोडवले आणि एक गमावला. त्यांचे 77 गुण झाले, 77 गोल केले आणि 20 स्वीकारले. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि एका गुणाच्या फरकावर हळहळतात. मी मात्र विद्यार्थ्यांना या दोन संघांचे आपसातले दोन सामने बाजूला काढून उरलेल्या 28 सामन्यांची बेरीज करायला सांगतो. त्या 28 सामन्यांत बेन्फिकाने 24 विजय आणि चार बरोबरींसह 76 गुण मिळवले, तर पोर्तोने 23 विजय आणि पाच बरोबरींसह 74. म्हणजे उरलेल्या 14 संघांविरुद्ध बेन्फिकाची कामगिरी दोन गुणांनी सरस होती. पण आपसातल्या दोन सामन्यांत पोर्तोला चार गुण मिळाले आणि बेन्फिकाला एक. तीन गुणांच्या त्या फरकाने दोन गुणांची आघाडी गिळली आणि वर एक गुण उरला. पोर्तुगालच्या साखळीची जातकुळी या साध्या वजाबाकीत दिसते.

ती जातकुळी थोडी समजून घेतली पाहिजे. त्या वेळी साखळीत 16 संघ होते. पोर्तुगालमध्ये दूरचित्रवाणीचे हक्क प्रत्येक क्लब स्वतंत्रपणे विकत असे, त्यामुळे पैसा बेन्फिका, पोर्तो आणि स्पोर्टिंग या तिघांकडेच गोळा होई, आणि इतरांशी असलेली त्यांची दरी दरवर्षी रुंदावत जाई. 1945-46 मध्ये बेलेनेन्सेस आणि 2000-01 मध्ये बोआव्हिस्ता हे दोन अपवाद वगळले, तर विजेतेपद या तिघांबाहेर कधी गेलेलेच नाही. अशा साखळीत वरचे दोन संघ उरलेल्या सगळ्यांना जवळपास हरवतच जातात, त्यामुळे हंगामाचा निकाल दोन ठिकाणी लागतो : आपसातल्या दोन सामन्यांत आणि ज्या चारपाच दिवशी बलाढ्य संघाचा पाय घसरतो त्या दिवशी. इंग्लंडमध्ये किंवा इटलीत एखादी बरोबरी पुढच्या महिन्यात भरून निघू शकते. पोर्तुगालमध्ये ती भरून निघायला प्रतिस्पर्ध्याचाही पाय घसरावा लागतो, आणि प्रतिस्पर्धी सहसा घसरत नाही.

हंगामाची सुरुवात दोघांनाही जड गेली. पहिल्याच फेरीत पोर्तोला जिल व्हिसेंतेच्या मैदानावर गोलशून्य बरोबरी पत्करावी लागली आणि बेन्फिकाला घरी ब्रागाने 2-2 असे रोखले. त्यानंतर सप्टेंबरच्या आरंभी रशियाच्या झेनित क्लबने एकाच दमात पोर्तोचा हल्क आणि बेन्फिकाचा अॅक्सेल विट्सेल हे दोघेही उचलले. पोर्तुगालची खरेदीची मुदत 31 ऑगस्टला संपली होती, रशियाची अजून उघडी होती. म्हणजे दोन्ही क्लबांच्या तिजोरीत पैसा आला, पण त्या पैशाने पर्यायी खेळाडू घेण्याचा मार्ग बंद झालेला होता. बेन्फिकाचा घाव अधिक खोल होता, कारण त्याच सुमारास हावी गार्सियाही मँचेस्टर सिटीकडे गेला होता आणि मधल्या फळीचे दोन्ही खांब एकदम निघाले होते. त्यातच कर्णधार लुइसाव हंगामापूर्वीच्या जर्मनीतल्या मैत्रीपूर्ण सामन्यात पंचांना धडकल्यामुळे दोन महिन्यांसाठी निलंबित झाला.

या अडचणीतून बेन्फिकाचे प्रशिक्षक जॉर्जे जेझुस यांनी जे उभे केले, ते प्रशिक्षक म्हणून मला आजही थक्क करते. नेमांजा मॅटिच हा डेव्हिड लुइझच्या व्यवहारात चेल्सीकडून आलेला उंचापुरा सर्बियन खेळाडू. त्याला त्यांनी बचावफळीपुढे उभे केले. एन्झो पेरेझ हा मूळचा कडेने खेळणारा अर्जेंटिनी. त्याला आत आणून मधल्या फळीत मॅटिचच्या जोडीला बसवले. पॅराग्वेचा लोरेन्झो मेलगारेझो हा आक्रमक खेळाडू; त्याला डावा बचावपटू केले. पुढे सॅल्व्हियो, गायतान आणि ओला जॉन यांच्यापैकी दोघे कडांना, आणि टोकाला ओस्कार कार्डोझो व ब्रागाकडून आणलेला लिमा. या रचनेत चेंडू हिसकावल्यापासून प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात पोहोचायला बेन्फिकाला फार थोडे पास लागत, आणि 77 गोल याच वेगातून आले. तिची उणीवही त्यातच दडलेली होती. मधल्या फळीत दोघेच असल्यामुळे हा संघ सतत पुढे धावत असेल तोवरच सुरक्षित राही. खेळ थंड करून घड्याळ संपवणे त्याच्या स्वभावात नव्हते.

व्हितोर परेरा यांचा पोर्तो नेमका उलट्या घडणीचा होता. तीन जणांची मधली फळी : मागे फर्नांडो, त्याच्यापुढे जोआओ मोटिन्हो आणि लुचो गोन्झालेझ. कडेने आत येणारा हामेस रॉड्रिगेझ, दुसऱ्या कडेला व्हारेला, आणि मेक्सिकोतल्या हाग्वारेस क्लबकडून आणलेला जॅक्सन मार्टिनेझ मधोमध. हल्क गेल्यावर प्रतिस्पर्ध्यांना वाटणारी या संघाची भीती ओसरेल असे अनेकांना वाटले होते, पण जॅक्सनने 26 गोल करून त्या मोसमाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू होण्याचा मान मिळवला. मागे मांगाला आणि ओटामेंडी, कडांना डॅनिलो आणि अॅलेक्स सँड्रो, गोलात हेल्टन. हा संघ चेंडू स्वतःकडे ठेवून विश्रांती घेत असे. त्याचे सामने अनेकदा कंटाळवाणे होत, आणि पोर्तोच्या चाहत्यांनाच परेरा यांची ही शैली आवडत नसे. मला त्या नापसंतीचे नेहमी वाईट वाटत आले आहे. आंद्रे व्हिलास-बोआस यांच्या हाताखाली साहाय्यक असलेल्या या माणसाने मुख्य प्रशिक्षक म्हणून पोर्तोत दोन हंगाम काढले, दोन्ही वेळा विजेतेपद मिळवले, आणि साखळीतल्या 60 सामन्यांत त्याचा संघ फक्त एकदा, जानेवारी 2012 मध्ये जिल व्हिसेंतेकडून हरला. इतकी कोरी पाटी असलेल्या प्रशिक्षकाविषयी आज क्वचितच कोणी बोलते.

या दोघांची पहिली गाठ 13 जानेवारी 2013 रोजी लिस्बनच्या लूझ मैदानावर पडली, आणि पहिल्या 17 मिनिटांतच चार गोल झाले. मांगालाने आठव्या मिनिटाला पोर्तोला आघाडी दिली. दोनच मिनिटांनी मॅटिचने उसळलेला चेंडू हवेतच असा टोलावला की तो गोल पुढे वर्षातल्या सर्वांत सुंदर गोलासाठीच्या पुष्कास पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला. मग बेन्फिकाचा गोलरक्षक आर्तुरच्या चुकीवर जॅक्सनने पोर्तोला पुन्हा पुढे नेले आणि गायतानने पुन्हा बरोबरी साधली. उरलेला सव्वा तासभर कोणालाही गोल करता आला नाही. त्या सामन्याचे पहिले 17 मिनिट सगळेच दाखवतात. मी नंतरची 73 मिनिटे दाखवतो. तिथे फर्नांडो, मोटिन्हो आणि लुचो हे तिघे मॅटिच आणि एन्झो या दोघांना हळूहळू मागे ढकलत जातात आणि तीन विरुद्ध दोन हे गणित डोळ्यांना दिसू लागते. बेन्फिकाने घरी खेळून जिंकण्याची संधी तिथे सोडली, पण त्या रात्री ते कोणाला फारसे खुपले नाही, कारण दोन्ही संघ अपराजित होते.

वसंतात पारडे बेन्फिकाकडे झुकले. फेब्रुवारीत पोर्तोला घरी ओल्हानेन्सेने 1-1 असे रोखले, आणि बेन्फिकालाही मदेरा बेटावर नासिओनालविरुद्ध 2-2 वर समाधान मानावे लागले. मार्चमध्ये मात्र घसरण फक्त पोर्तोची झाली : 2 तारखेला स्पोर्टिंगच्या मैदानावर 0-0, आणि पंधरवड्यानंतर मारितिमोच्या मैदानावर 1-1. चार गुण असे गेले. या दोन सामन्यांच्या मधे, 13 मार्चला, स्पेनच्या मालागाकडून 2-0 असे हरून पोर्तो चॅम्पियन्स लीगमधूनही बाहेर पडला. त्या आठवड्यात पोर्तुगालमधल्या बहुतेकांनी विजेतेपद बेन्फिकाला देऊन टाकले होते. मला मात्र मालागातला तो पराभव या हंगामाचे खरे वळण वाटतो, कारण त्या दिवसापासून पोर्तोकडे साखळीसाठी जवळपास पूर्ण आठवडे मोकळे राहिले. बेन्फिका चॅम्पियन्स लीगच्या गटातून तिसरा येऊन युरोपा लीगमध्ये गेला होता आणि तिथे लेव्हरकुसेन, बोर्दो, न्यूकॅसल असे एकेक संघ बाजूला सारत पुढे चालला होता. शिवाय पोर्तुगीज चषकाचीही अंतिम फेरी समोर होती. एकाच वेळी तीन विजेतेपदांचा पाठलाग करणारा संघ आणि एकाच विजेतेपदासाठी जगणारा संघ यांची ही शर्यत होती.

आता मे महिन्याचे वेळापत्रक पाहा, कारण माझ्या उत्तराचा गाभा इथे आहे. गुरुवारी 2 मे रोजी बेन्फिकाने लूझवर फेनरबाचेला 3-1 असे हरवले आणि पहिल्या लढतीतला 0-1 चा पराभव पुसून युरोपा लीगची अंतिम फेरी गाठली. अशी रात्र संघाला शरीराने रिकामे करते आणि मनाने हवेत ठेवते. सोमवारी 6 मे रोजी त्याच मैदानावर एस्तोरिल आला. शनिवारी 11 मे रोजी पोर्तोत पोर्तोविरुद्ध, बुधवारी 15 मे रोजी अॅमस्टरडॅममध्ये चेल्सीविरुद्ध अंतिम सामना, रविवारी 19 मे रोजी साखळीचा शेवटचा सामना आणि 26 मे रोजी चषकाचा अंतिम सामना. पंचवीस दिवसांत सहा सामने, आणि त्यातला प्रत्येक सामना निर्णायक.

एस्तोरिल हा त्या वर्षी नुकताच दुसऱ्या श्रेणीतून वर आलेला संघ. त्याचा प्रशिक्षक मार्को सिल्व्हा तेव्हा पस्तिशीत होता आणि काही काळापूर्वीपर्यंत त्याच क्लबकडून खेळत होता. त्याच्या संघाकडे गुणवत्ता मर्यादित होती, पण दोन ओळींतले अंतर राखण्याची शिस्त विलक्षण होती, आणि त्यांनी बेन्फिकाला 1-1 असे रोखले. पोर्तोने आपला 28वा सामना जिंकलेला असल्यामुळे चार गुणांची आघाडी दोनवर आली. हे दोन गुण किती मोलाचे होते ते असे मोजा : बेन्फिकाने त्या दिवशी एस्तोरिलला हरवले असते, तर पोर्तोतल्या पराभवानंतरही तो 76 विरुद्ध 75 असा पुढेच राहिला असता आणि शेवटचा सामना जिंकून 79 विरुद्ध 78 असा विजेता ठरला असता. केल्विनचा गोल तेव्हाही झाला असता, आणि तरी विजेतेपद लिस्बनमध्येच राहिले असते. म्हणूनच मी 6 मे हा दिवस निर्णायक मानतो.

माझे काही सहकारी यावर म्हणतात की थकलेल्या संघाला दोष देऊ नये. दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण प्रशिक्षकाने यातून नियोजनाचा प्रश्न उचललाच पाहिजे. तीन स्पर्धांत पुढे जाणाऱ्या संघाने आपला ताजा संघ कोणत्या सामन्यासाठी राखायचा? युरोपातल्या अंतिम फेरीची ओढ बेन्फिकाला फार जुनी आहे; 1962 नंतर त्या क्लबने युरोपचे कोणतेही मोठे विजेतेपद जिंकलेले नव्हते. अशा वेळी फेनरबाचेविरुद्ध काही खेळाडू राखून ठेवा असे जेझुस यांना कोण सांगणार? माझ्या मते चूक त्या आठवड्यात झाली नाही. मॅटिच आणि एन्झो यांच्या जोडीला त्याच ताकदीचा तिसरा पर्याय सबंध हंगामात तयार झाला नाही, आणि विट्सेल व गार्सिया एकाच वेळी गेल्याची किंमत आठ महिन्यांनी चुकवावी लागली.

आता 11 मेच्या रात्रीकडे येऊ. पोर्तोचे ड्रॅगाव मैदान खचाखच भरलेले, बेन्फिकाचे 74 गुण, पोर्तोचे 72. बरोबरी झाली असती तर शेवटच्या फेरीआधी बेन्फिका दोन गुणांनी पुढे राहिला असता आणि त्याला घरी मोरेरेन्सेला हरवायचे होते. म्हणजे बेन्फिकाला बरोबरी पुरत होती. 19व्या मिनिटाला लिमाने बेन्फिकाला आघाडी मिळवून दिली. सातच मिनिटांनी बेन्फिकाच्या माक्सी परेराच्या अंगाला लागून चेंडू त्याच्याच जाळ्यात गेला आणि 1-1 झाले. त्यानंतर जवळजवळ तासभर सामना बेन्फिकाला हवा तसाच चालला. पोर्तोकडे चेंडू होता, पण वाट नव्हती.

दुसऱ्या सत्रात दोन्ही प्रशिक्षकांनी केलेले बदल शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. जेझुस यांनी रॉड्रिक मिरांडा या तरुण बचावपटूला मैदानात आणले. उद्देश स्पष्ट होता, मधली जागा दाट करायची आणि एक गुण घेऊन घरी जायचे. परेरा यांनी लिएडसन आणि केल्विन यांना आणले. लिएडसन हा पस्तिशीतला ब्राझिलियन आघाडीवीर, एके काळी स्पोर्टिंगकडून खेळताना बेन्फिकाला छळलेला, आता केवळ काही महिन्यांसाठी पोर्तोत आलेला. केल्विन 19 वर्षांचा, डाव्या पायाचा, मैदानावर फार कमी दिसलेला. पण एप्रिलमध्ये ब्रागाविरुद्ध असाच उशिरा येऊन त्याने शेवटच्या टप्प्यात दोन गोल केले होते आणि पोर्तोला 3-1 असा विजय मिळवून दिला होता. म्हणून मी त्या गोलाला नशीब म्हणत नाही. कोणता मुलगा शेवटच्या दहा मिनिटांत सरळ अंगावर धावून जातो हे परेरा यांना ठाऊक होते.

गोलाची चित्रफीत मी नेहमी तीनदा दाखवतो. पहिल्यांदा फक्त चेंडू बघायचा : भरपाई वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला चेंडू लिएडसनकडे येतो, तो त्याला डावीकडे केल्विनच्या पुढ्यात सारतो, केल्विन पुढे घेतो आणि डाव्या पायाने गोलरक्षक आर्तुरला ओलांडून दूरच्या कोपऱ्यात खालून मारतो. दुसऱ्यांदा फक्त बेन्फिकाचे बचावपटू बघायचे : चेंडू लिएडसनकडे असताना सगळ्यांची तोंडे आणि पावले त्याच्याकडे वळतात, आणि केल्विनच्या अंगावर जायला रॉड्रिकला एक पाऊल उशीर होतो. तिसऱ्यांदा बेन्फिकाची बचावरेषा कुठे आहे ते बघायचे : ती आपल्याच गोलक्षेत्रात इतकी रुतलेली आहे की केल्विनला पोहोचेपर्यंत वेग धरायला मोकळी जागा मिळते. बरोबरी पुरत असलेला संघ नकळत दहा पावले मागे सरकतो, हे प्रत्येक प्रशिक्षकाला ठाऊक असते. ज्या संघाचा सगळा जोर पुढे धावण्यात आहे, त्याला हे मागे सरणे इतरांपेक्षा जास्त महागात पडते. गोल झाल्यावर जेझुस रेषेजवळ गुडघ्यांवर कोसळले. ते छायाचित्र पोर्तुगालमध्ये आजही त्या हंगामाची ओळख म्हणून छापले जाते, आणि पोर्तोच्या संग्रहालयात त्या गोलासाठी एक स्वतंत्र दालन राखून ठेवलेले आहे. केल्विनला त्यानंतर पोर्तोत नियमित जागा कधी मिळाली नाही.

शेवटच्या फेरीविषयी बेन्फिकाचे चाहते आजही तक्रार करतात, म्हणून दोन शब्द. 19 मे रोजी पोर्तोला पासोस द फरेराच्या मैदानावर जिंकायचे होते, आणि त्या क्लबचे तिसरे स्थान आधीच पक्के झाल्यामुळे त्याला गमावण्यासारखे काही उरले नव्हते. लुचोच्या पेनल्टीने आणि जॅक्सनच्या गोलाने पोर्तो 2-0 असा जिंकला. त्या पेनल्टीवर वाद झाला, कारण हामेसला पाडले ती जागा गोलक्षेत्राच्या बाहेर होती असे अनेकांचे म्हणणे होते. बेन्फिकाने मोरेरेन्सेला 3-1 असे हरवले आणि मोरेरेन्से बेइरा-मारसोबत खालच्या श्रेणीत गेला. वाद खरा असला तरी 30 सामन्यांचा निकाल त्या एका शिट्टीवर टाकणे मला पटत नाही.

उरलेला मे बेन्फिकासाठी अधिकच क्रूर ठरला. अॅमस्टरडॅममध्ये चेल्सीविरुद्ध ते चांगले खेळले, पण पुन्हा भरपाई वेळेत, या खेपेला तिसऱ्या मिनिटाला, इव्हानोविचच्या डोक्याने 2-1 असा पराभव पदरात टाकला. 26 मे रोजी चषकाच्या अंतिम सामन्यात गायतानच्या गोलाने 79व्या मिनिटापर्यंत आघाडी टिकली होती. मग सौदानी आणि रिकार्डो परेरा यांनी दोन मिनिटांच्या अंतराने गोल केले आणि व्हितोरिया गिमारेस 2-1 असा जिंकला. तो संपल्यावर कार्डोझो आपल्याच प्रशिक्षकावर धावून गेला. पंधरा दिवसांत तीन विजेतेपदे गेली, आणि तिन्ही वेळा संघ शेवटच्या टप्प्यात मोडला. या तिन्ही पराभवांतला शेवटचा अर्धा तास एकत्र पाहिला की थकव्याचा आकृतिबंध तिन्हीकडे सारखाच दिसतो : मॅटिच आणि एन्झो यांच्यामधले अंतर वाढत जाते आणि बचावफळी मागे सरकत जाते.

वरच्या दोघांच्या गदारोळात झाकल्या गेलेल्या एका संघाविषयी मला मनापासून लिहायचे आहे. पासोस द फरेरा हे उत्तरेतले लाकडी फर्निचरसाठी ओळखले जाणारे छोटे शहर, आणि पावलो फोन्सेका यांच्या हाताखाली त्या शहराच्या संघाने 54 गुणांसह तिसरे स्थान मिळवून ब्रागाला मागे टाकले आणि चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत प्रवेश केला. एस्तोरिल पाचवा आला. म्हणजे पहिल्या पाचांत दोन संघ असे होते ज्यांचा खर्च मोठ्या क्लबांच्या एखाद्या खेळाडूच्या पगाराशी ताडून पाहावा लागेल, आणि त्यांचे दोन्ही प्रशिक्षक पुढे युरोपभर गाजले. पोर्तुगालमध्ये प्रशिक्षक कसे घडतात हे समजून घ्यायचे असेल तर या दोन संघांचे सामने शोधून पाहा. उन्हाळ्यात फोन्सेका पोर्तोचे प्रशिक्षक झाले आणि पासोसचा जोसुए व एस्तोरिलचा लिका त्यांच्या संघात आले; मोटिन्हो आणि हामेस मिळून सात कोटी युरोंना मोनाकोकडे गेले. मधली फळीच विकल्यावर पोर्तोला ते संतुलन पुढच्या हंगामात परत मिळवता आले नाही.

गोव्यात स्पोर्टिंगचे चाहते अनेक आहेत, आणि स्पोर्टिंग क्लब दे गोवाचे नावही लिस्बनच्या त्या क्लबाची आठवण करून देते, म्हणून त्यांच्याविषयी प्रश्न येतोच. तो हंगाम स्पोर्टिंगच्या इतिहासातला सर्वांत वाईट होता : सा पिंतो, ओशियानो, फ्रँकी व्हरकौतेरन आणि जेझुआल्दो फरेरा असे चार प्रशिक्षक झाले, मार्चमध्ये अध्यक्ष बदलले, आणि संघ सातवा आला. ज्या संघाने पोर्तोला 0-0 असे रोखून बेन्फिकाला मोठी मदत केली, तोच संघ बेन्फिकाच्या जन्माचा वैरी आणि त्या वर्षी गुणतक्त्याच्या मध्यावर रखडलेला, ही गोष्ट त्या साखळीच्या स्वभावाविषयी बरेच काही सांगते.

प्रश्नाचा एक छोटा भाग राहिला : एकही सामना न हरता विजेतेपद मिळवणे किती दुर्मीळ? पोर्तुगालमध्ये बेन्फिकाने 1972-73 मध्ये 28 विजय आणि दोन बरोबरींसह ते पहिल्यांदा साधले. पोर्तोने 2010-11 मध्ये 27 विजय आणि तीन बरोबरींसह आणि पुन्हा 2012-13 मध्ये साधले. उलट 1977-78 मध्ये बेन्फिका एकदाही न हरता दुसरा राहिला होता, कारण एक सामना गमावलेल्या पोर्तोचे गुण तितकेच, 51, भरले आणि गोलफरक सरस ठरला. त्या वर्षी बेन्फिकाच्या नऊ बरोबऱ्या झाल्या होत्या. पस्तीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन्ही हंगामांत बेन्फिकाचे नुकसान बरोबऱ्यांनीच केले आहे, आणि पराभवांची संख्या पाहून संघ जोखणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

बेन्फिकाने जेझुस यांना काढले नाही. पुढच्या हंगामात त्यांनी साखळी, पोर्तुगीज चषक आणि लीग चषक हे तिन्ही जिंकले, आणि युरोपा लीगची अंतिम फेरी पुन्हा गाठली. तेव्हा तुम्ही अभ्यासाला बसणार असाल तर सामने या क्रमाने पाहा : 13 जानेवारीचा लूझवरचा 2-2, एप्रिलमधला पोर्तो विरुद्ध ब्रागा, मग 6 मेचा एस्तोरिल, आणि सगळ्यात शेवटी 11 मे. एस्तोरिलचा सामना पूर्ण 90 मिनिटे पाहा, आणि प्रत्येक पंधरा मिनिटांनी थांबवून मॅटिच व एन्झो यांच्यामधले अंतर कागदावर नोंदवा.